भाऊजींचे तोतये

जमलेल्या मंडळींनो, मला माईकवर बोलायची सवय नाय. आवाज कापतोय माझा. पण आधीच सांगते, तो रडून नाय, संतापानं कापतोय.

मी शकुंतला, करमाडची. गेलेले माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे मालक. अक्का ही समोरच बसलीय. सकाळपासून सांगतीय, "शके, आज गप ऱ्हा, लोकं येणारेत." कशी गप राहू?

आत्ता तिघंजण बोलून गेले. भाऊजी थोर, भाऊजी अभ्यासू. यातल्या एकानं तरी त्यांना कधी विचारलं व्हतं का, की ह्या दगडांत काय बघता?

मी विचारलं व्हतं. आमच्या शेतात विहीर खोदायचं काम चालू व्हतं. सुरुंग उडाला की सगळे पाणी लागलं का बघायला धावायचे, अन् हे मलब्याकडं! मी म्हणलं, "भाऊजी, पाणी तिकडं बघायचं." तर म्हणाले, "असू दे, मला तोतया सापडला." तळहातावर एवढासा खडा. म्हणाले, "कपारीत आधी एक स्फटिक वाढला. पाणी झिरपत राहिलं, तो कणाकणानं विरघळला आणि त्याच जागेवर दुसरा बसला. आकार पहिल्याचा, आतला माल दुसऱ्याचा. म्हणून तोतया. लाखात एक मिळतो, शके."

जन्मभर हेच गोळा केलं त्यांनी. अन् अक्कानं आपली जुनी लुगडी फाडून एकेक खडा गुंडाळला. हा हॉल चालवणाऱ्या मंडळानं शब्द दिला, ह्या हॉलमधी काचेचं कपाट करू. त्या शब्दावर दिवाळीत सगळी खोकी इथं आणून दिली. खोक्यांवर भाऊजींनी ठळक अक्षरात लिहिलं व्हतं, 'तोतया'.

काल ह्या शोकसभेसाठी साफसफाई झाली. मंडळाच्या सचिवसाहेबांनी ते वाचलं. तोतया म्हंजे नकली! लगेच फर्मान, नकली माल फेकून द्या. अहो, अक्काचं घर इथून दोन गल्ल्यांवर हाय. विचारायला जीभ झडली व्हती का? अन् फेकलं कुठं? फाटकासमोरच्या खड्ड्यात. वरून मुरूम टाकला. तुमच्या गाड्या रुतू नयेत म्हणून!

अन् ठेवलं काय? फोटोशेजारी बघा. तो जांभळा दगड रंगवलेला हाय. कुण्या पाव्हण्यानं भेट दिलेला. भाऊजी तो दाराला टेकण लावायचे. आज त्याला हार घातलाय! शिसारी आली मला. जाब विचारला तर सचिवसाहेब म्हणतात, "ताई, दगडच तर होते." व्हय, दगडच. मग ह्या दगडाला हार कशाला?

तोतया हा शब्द भाऊजी लई लाडानं वापरायचे. तो मी ह्या स्टेजवरल्या कुणाला लावणार नाय. त्या खड्यांचा अपमान व्हईल.

आता तुम्हाला उभं राहून मौन पाळायला सांगतील. तसलं मौन मला नको, अक्कालाबी नको. सगळे फाटकापाशी चला. मुरूम अजून दाबलेला नाय. लुगड्याची चिंधी दिसली की हातानं उकरा, हळू काढा, अन् अक्काच्या पदरात आणून घाला. तेवढा वेळ कुणी बोलू नका. तेच आपलं मौन.

सचिवसाहेब, पहिले तुम्ही. वाका.