घाट चढणारं इंजिन

ग्रीसमधल्या मेत्सोवो घाटात बर्फ पडल्यामुळे पोलिसांनी सगळे ट्रक पायथ्याशी अडवून ठेवले होते. फोतिस कॅन्टीनच्या रांगेत उभा होता. आपल्याही ट्रकच्या इंजिनाचं ट्युनिंग करून त्याची ताकद वाढवून घ्यावी असं त्याच्या मनानं घेतलं होतं, त्यामुळे पुढच्या दोघा ड्रायव्हरांच्या बोलण्याकडे त्याचे कान लागले.

“बाई, एक कॉफी आणि ऑलिव्ह तेलाची लहान बाटली.”

“तेल? ट्रकमध्ये संसार मांडलास काय, स्टेलिओसदादा? त्यापेक्षा ट्युनिंग कर. माझा ट्रक चढावर नुसता सुटतो, आणि डिझेलही कमी पितो.”

“कधी केलंस?”

“गेल्याच महिन्यात.”

“मग पिईलच कमी. नव्याची नवलाई आहे, अजून पाय जपून दाबतोयस तू.”

“म्हणजे सगळं थोतांड?”

“छे! ताकद वाढते की. आमच्या मानोलिसच्या ट्रकची चांगली वाढली होती. हाच घाट असा चढायचा, की मी मागून बघतच राहायचो.”

“बघ! धाकट्या भावाला कळतं, तुला नाही.”

“त्याच्या मालकालाही कळलं. ट्रक ओढतोय म्हटल्यावर त्यानं माल वाढवला.”

“पण ओढला ना ट्रकनं?”

“ओढला. पार माथ्यापर्यंत ओढला.”

“मग अडलं कुठे?”

“पुढे उतार होता, याकोवोस. ब्रेक होते तेच होते.”

कॉफी आली. बाईनं बाटली कागदात गुंडाळून दिली.

“दादा... मग हे तेल?”

“उतारावरच्या त्या वळणावर त्याच्या नावाचा दिवा आहे. दर खेपेला एवढं लागतं.”