दोन एफचा ऑफ

नाही, पण मला सांगा, ही काय भाषा झाली? दोन अक्षरं हो, फक्त दोन! ऑ आणि फ. साहेब आज ऑफ आहेत म्हणजे घरी लोळतायत. मूड ऑफ आहे म्हणजे आमची जयंती सकाळपासून बोलत नाहीये. साड्यांवर ऑफ आहे म्हणजे ती आता बोलायला लागणार. परवा नात म्हणाली, "आजोबा, मिल्क ऑफ झालंय," मी म्हटलं, अगं गॅस ऑफ कर, मिल्क कसलं ऑफ करतेस… तर दूध नासलं होतं! आणि आपल्या मुंबईत 'अमका ऑफ झाला' म्हणजे… हां, तेच. गेला. खपला. तुम्हाला सांगतो, या शब्दानं मला कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

झालं काय, तर भिकाजी. भिकाजी वैती, गोराईचा कोळी माणूस. विक्रोळीला कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात अठ्ठावीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. जयंती तिथेच टेलिफोन ऑपरेटर होती, म्हणजे आमचं लग्न जमवलं तेही त्यानंच. रिटायर झाल्यावर मी बोरिवलीच्या गॅलरीत बसलो, तो परत होडीवर गेला. पण दर रविवारी माझा फोन, बारा वर्षं, चुकला नाही! गेल्या रविवारी लावला तर बंद. म्हणून त्याच्या मुलाला लावला, अल्पेशला. अल्पेश बोटीवर, इंजिन धडधडतंय, वारा सुटलाय, मी इकडून बोंबलतोय, "अरे, पप्पा कुठायत?" आणि तिकडून नुसते तुकडे… "पप्पां… सकाळीच ऑफ झालाय, काका!… आत ठेवलाय… दुपारी उचलतील!" आणि फोन कट.

आता तुम्हीच सांगा, 'दुपारी उचलतील' याचा माणसानं काय अर्थ घ्यायचा?

तो बिचारा म्हणत होता, पप्पांचा फोन ऑफ झालाय, आत ठेवलाय म्हणजे चार्जिंगला, दुपारी उचलतील म्हणजे फोन. वाऱ्यानं मधला 'चा फोन' तेवढा नेला! म्हणजे गंमत बघा, इंग्रजीत 'ओ'पुढे एक एफ लावला की चा-ची-चे, दोन लावले की माणूस गेला. वाऱ्यानं एक एफचा उडवला आणि दोन एफचा माझ्या कानात टाकला. बरं, मुलगा सख्ख्या बापाला 'ठेवलाय' म्हणेल का, एवढी तरी अक्कल नको मला? दोन अक्षरं हो, फक्त दोन!

जयंती म्हणाली, "अहो, आधी कुणाला तरी नीट विचारा." मी कसला विचारतोय! डोळ्यांतून घळाघळा पाणी, हातात मोबाइल, आणि आमचा ग्रुप आहे ना, 'विक्रोळीचे सोबती', त्रेचाळीस माणसं, त्यावर लिहिलं, 'आपला भिकाजी गेला.' तिथे थांबावं ना? नाही! बोट थांबेना. लिहीतच सुटलो… 'मित्रा, क्षमा कर. त्या पंपाच्या ड्रॉइंगमधलं माप मी चुकवलं होतं. खाली आद्याक्षरं तुझी टाकली, ती मी. तुझं प्रमोशन गेलं आणि हेड ड्राफ्ट्समन झालो, तोही मीच.' पाठवलं. इतकं हलकं वाटलं, तुम्हाला सांगतो! लाज वाटायला हवी होती, तर मला हलकं वाटत होतं!

मग हार घेतला, फेरीत बसलो, गोराई गाठली. अंगणात बघतो तर त्याची बायको, कमळवहिनी, बोंबील वाळत घालतेय. रडत नाही, काही नाही. "या भावोजी! जेवूनच जा आता. हार कुणाला, देवाला?"

मी म्हटलं, "हो… देवाला."

आणि आतून हात पुसत देव बाहेर आला. "अरे श्याम! तू इथे कसा रे?" मी त्याला मिठी मारली आणि हुंदके द्यायला लागलो, त्याला वाटलं जयंतीला काही झालं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनींनी चार्जिंगवरचा फोन आणून दिला, आणि टुंग… टुंग… टुंग टुंग टुंग! "एवढे मेसेज? माझा वाढदिवस हाय काय आज?" पहिला वाचला आणि खदखदा हसला. "मी ऑफ? ए कमळ, हे बघ, तुझा नवरा ऑफ झालाय!" वहिनी हसल्या, मीही हसलो, म्हटलं सुटलो… आणि तो अंगठ्यानं खाली सरकवत गेला.

हसणं थांबलं हो.

मी हळूच माझा मोबाइल काढला, म्हटलं तो मेसेज पुसून तरी टाकू. "ठेव तो खिशात," म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बारा वर्षं दर रविवारी फोन करतोस, श्याम. तेव्हा मी जिवंतच होतो ना रे?"

मी मोबाइल खिशात ठेवला.

त्यानं चष्मा लावला, पडवीत बसून एकेक अक्षर शोधत टाइप केलं आणि ग्रुपवर टाकलं. 'मी जिवंत आहे. बाकी श्यामनं लिहिलंय ते खरं धरा. कुणी पुसू नका.' वहिनींनी दोघांना जेवायला वाढलं. भिकाजीनं तळलेला बोंबील मात्र माझ्या ताटात सरकवला. मी तो खाल्ला.

संध्याकाळपर्यंत भिकाजीच्या मेसेजला एक्केचाळीस अंगठे आले. पहिला आमच्या हिचा. बेचाळिसावा… आता काय करणार, सगळे वाट बघत होते. दिला.