फार तर एक सेंटिमीटर

...आणि वर लोक मलाच विचारतात, "यंत्र चांगलं आहे ना रे?" यंत्र उत्तम आहे हो! तेच तर दुखणं आहे. तुम्हाला सांगतो, खिशातला फोन उपग्रहांना विचारून तुमची जागा दाखवतो ना, तो चार-पाच मीटर सहज चुकतो. मी घरी जोडलेलं यंत्र? फार तर एक सेंटिमीटर. दोन पेट्या. एक गच्चीवर, जागची हलायची नाही. दुसरी काठीला बांधून माझ्या हातात. वरची म्हणते, मी इथे आहे, बाकीचं माझ्यावरून मोज. सगळी भिस्त तिच्यावर!

पण मोजायचं काय? मला कोणी सांगितलं होतं का मोजायला? लांब जाऊन शिकून आलेला माणूस, त्याला घरी स्वस्थ बसवतं का? जगातले निम्मे तंटे नीट न मोजल्यामुळे होतात, असं मी जेवताना ठणकावलं. बाबा म्हणाले, आमचा कुठे तंटा आहे? मी म्हटलं, म्हणूनच आत्ता मोजू!

शेजारी काका राहतात, बाबांचे सख्खे भाऊ. दोन अंगणं, मध्ये कुंपण नाही, काकांच्या बाजूला, अगदी हद्दीला लागून, एक दगडी बाक. तीस वर्षं रोज सकाळी दोघे त्यावर बसून एकच पेपर अर्धा अर्धा वाचतात आणि भांडतात ते फक्त शब्दकोड्यावरून. मी जुन्या नकाशातले हद्दीचे आकडे यंत्रात भरले, बाकाला काठी टेकवली... बाक चाळीस सेंटिमीटर आमच्या अंगणात! आणि हे मी काकांना सांगितलं. आनंदानं सांगितलं हो!

काका म्हणाले, "नक्की?"

"चुकलं तर फार तर एक सेंटिमीटर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहार घेतली आणि स्वतःच्या हातांनी बाक फोडला. बाबा आपले मध्ये मध्ये, अरे राहू दे, अरे ऐक तरी... काका थांबलेच नाहीत. "पोरगं शिकून आलंय," म्हणाले. "त्याच्यादेखत दुसऱ्याच्या जागेत कसा बसू?"

दुसऱ्याच्या! सख्ख्या भावाच्या!

दुपारी मी आमचंच घर मोजायला घेतलं, तर स्वयंपाकघराची भिंत पलीकडच्या, काकांच्या विरुद्ध बाजूच्या गल्लीत निघाली. किती? चाळीस सेंटिमीटर. तोच आकडा! धावत गच्चीवर गेलो, तर पेटीच्या जागेवर उशा वाळत घातलेल्या आणि पेटी काकांच्या घराकडे सरकवलेली. आई म्हणते कशी, "उशांना ऊन लागत नव्हतं. इतकीशी तर सरकवली. बिघडली नाही ना?"

इतकीशी! टेप लावून बघितलं... चाळीस.

काकांकडे गेलो, सगळं कबूल केलं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "असू दे रे. जुनाच होता." नवा बांधून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. हल्ली दोघे भाऊ आपापल्या अंगणात खुर्ची टाकून बसतात. पेपरसुद्धा दोन येतात! आणि काका खुर्ची टाकली की मला हाक मारतात, रोज, "बघ रे, माझ्याच जागेत बसलोय ना?" चेष्टेनं म्हणतात की मनापासून, ते आजवर मला कळलेलं नाही. मी आपला काठी घेऊन जातो, खुर्चीच्या पायाशी टेकवतो आणि सांगतो...

"हो काका. चुकलं तर फार तर एक सेंटिमीटर."