बाहेरच्या कापसाची भीती

“बाहेरच्या देशातला कापूस बिनाकराचा येऊन राह्यला, आता आपला तर...” नेरडीगोंड्याच्या बसमध्ये मागचा माणूस एवढंच बोलला अन् उतरला. आमचा सगळा कापूस घरातच पडलेला! मी तडक शेजारच्या मीनाकडे जाऊन ही बातमी सांगितली. देशांनी बाजार जोडले तर धोके कोणते, हेच ती कॉलेजात शिकवते.

“मीना, विकू का थांबू?”

“काकू, आधी भीती निवडा. भाव पडायची वेगळी, बाहेरची कीड यायची वेगळी, समोरच्या देशानं मधातच व्यापाराचं दार लावायची वेगळी.”

बाई गं! आमी डागी कापूस वेगळा काढतो, तशी ही पोरगी देशादेशांची भीती निवडून राह्यली होती.

“मंग आपली कोणती?”

“भावाची. पण येणार तो लांब धाग्याचा, तुमचा मध्यम, त्याच्या भावाला तेवढा धक्का नाही. बातमी अर्धीच खरी.”

मंग मीही अर्धाच कापूस विकला.