शिंकेनं खुललेली शीर

“कोणी खरं मानणार नाही भाऊ, पण माह्या डोक्यात नवे नाले फुटले!”

दारव्ह्याच्या स्टँडवर, न भरलेल्या जीपमध्ये रूपसिंगानं शेजारी बसलेल्या घनश्यामला गाठलं होतं. रूपसिंगाची बायको नंदाबाई त्याला ऑपरेशनसाठी नागपूरला नेत होती, आणि हा केव्हा उतरून पळेल याचाच तिला घोर होता.

“डोक्यात नाले? काहीबाही सांगता!”

“डाक्टरनं फोटोत दाखवलं ना. कानामांगची मोठी शीर बुजली. रगताले खाली उतरायले वाट नाही, मांगं दाब वाढला. वावरातला नाला बुजला का पाणी बांध-धुरा फोडते का नाही? तशा त्या दाबानं वाकड्यातिकड्या नव्या नसा फुटल्या. हर ठोक्याले कानात घूं-घूं!”

“मंग ऑपरेशन करून घ्या ना.”

“आता कायले? काल बोरी अरबच्या बजारात अशी शिंक आली, का दुकानाचे कापडी पाल उडाले. शीर खुल्ली, आवाज बंद! चाललो मी घरी.”

“बसा खाली!” नंदाबाईनं त्याची बाही ओढली. “त्यातली एखादी नस फुटली तर मेंदूत रगत सांडन, म्हणे डाक्टर.”

“अवं, पन आवाजच नाही आता!”

नंदाबाईनं भर जीपमध्ये, सगळ्यांच्या देखत, पदर सारून आपला कान त्याच्या कानामागे टेकवला.

“खोटं हाय, सोनूचे बाबा. मले घूं-घूं आयकू येऊन राह्यलं.”