लांबचा बार

हसा तुम्ही, पण बदकांच्या शिकारीला मी आता परत जायचा नाही. शॉमबर्गच्या घरून पहाटे ड्राइव्ह करून गेलो, मी आणि नागपूरचा विनोद. तळं सरकारी, कुणीही यावं. शेजारच्या गवतात आधीच आपल्या मराठी मंडळातल्या देशमुखांचा रोहन बसलेला. इथेच जन्मलेला, डेंटिस्ट आहे. बदकं खाली उतरायच्या आतच हा पठ्ठ्या बार टाकायचा. एक जखमी होऊन लांब झुडपात पडलं, बाकीची पसार.

विनोद ओरडला, "अरे, जवळ येऊ दे की! आता ते अर्धमेलं पाखरू शोधायला कोण जाणार?"

"सॉरी काका! पण मी थांबलो की ती तुमच्याकडे उतरतात."

गेला बिचारा चिखल तुडवत, आणि हात हलवत परत आला.

आम्ही गारठलेलो, थर्मासमधला चहा संपलेला. तेवढ्यात खूप उंचावरून एक थवा आला. विनोदने बंदूक उचलली.

मी म्हटलं, "यार, फार लांब आहेत."

"माहितीय. आपण थांबलो तर रोहन मारेल."

बार झाला. एक बदक तिरकं होत, पाय लोंबकळत पार पलीकडच्या काठाला पडलं.

गवतातून रोहनचा आवाज आला, अगदी अदबीने, "काका, तुम्ही जाताय की मी जाऊ?"