पुढच्या फळीचे चार कोरे एप्रिल

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कॉलेजचे क्रीडासंचालक श्री. वेंडेल प्रूइट, व्यासपीठावरच्या पाहुण्या, कॉल्डर काउंटी शाळेच्या मुख्याध्यापिका श्रीमती आयडा रेनफ्रो, आजचे सत्कारमूर्ती कोच ऑर्विल टॅगर्ट, त्यांच्या पत्नी, आम्हा पोरांच्या मिस जुनेल, आणि तळलेल्या मासळीच्या वासाने केव्हापासून चुळबुळणाऱ्या टॅलोवेलच्या बंधुभगिनीहो,

मी टेरेल मॅकआल्पिन. कॉलेजच्या फुटबॉल संघात माझा क्रमांक चौऱ्याहत्तर होता. पदवी अर्ध्यावर सोडली आणि सध्या फर्निस रोडवरच्या टायरच्या दुकानात असतो. मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षमहाराज, घड्याळ पाहिलंत तरी चालेल, मीही पाहतोय.

आधीच्या वक्त्यांनी कोचच्या स्वभावाबद्दल सांगितलं. मी कामाबद्दल बोलतो. आत येताना डाव्या हाताला भिंत लागते. दर एप्रिलच्या निवडीत व्यावसायिक संघांनी आपल्या ज्या पोरांची नावं पुकारली, त्यांच्या पितळी पाट्या तिथे आहेत. एकूण एकतीस. हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभं राहून अंगावर धक्के घेणारी जी पाच जणांची फळी, ती कोच टॅगर्टांची; त्या फळीतल्या अकरा.

पाट्यांचं एवढं काय, असं कुणी विचारेल. कॉलेज बघायला मुलगा आईबरोबर येतो. आई विचारते, जेवण कसं आहे, अभ्यास कोण घेतं? मुलगा तोवर भिंतीपाशी उभा राहून मोजत असतो. आकडा बरा वाटला तर तो येतो. तो आला की त्याच्यासारखे आणखी येतात, सामने जिंकले जातात, मैदान भरतं, आणि चार वर्षांनी आणखी पाट्या लागतात. यात गैर काही नाही. मीसुद्धा मोजूनच आलो होतो.

पण पुढच्या फळीचे सलग चार एप्रिल कोरे गेले, एकही नवी पाटी लागली नाही, आणि कोचचा करार वाढवला नाही. श्री. प्रूइट, मी रागाने बोलत नाही. बरं, थोडा रागाने बोलतोय. पण हे चार एप्रिल कोरे का गेले, ते तुमच्या फाइलीत नाही, म्हणून सांगतो.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, की आता निवडीला उतरायचं. आधी सल्ला मागवण्याची पद्धत आहे. व्यावसायिक संघांतले काही जाणकार तुमचा खेळ बघून खासगी पत्र पाठवतात. माझं पत्र आलं. कोचनी मला घरी बोलावलं.

"काय लिहिलंय?"

"कॉलेजातच राहा."

"मग?"

"मग त्यांना काय कळतंय!"

"अरे घोड्या, डावा पाय तू अजून उशिरा उचलतोस. एक वर्ष दे मला. पुढच्या एप्रिलला निवडीच्या तीन दिवसांतल्या दुसऱ्याच दिवशी नाव येईल तुझं."

"माझ्यावाचून तुमची फळी उभी राहत नाही, म्हणून अडवताय!" असं म्हणून मी खुर्ची लाथाडली. मिस जुनेल, ती मोडल्याचं मला दारातच कळलं होतं. मी मागे वळलो नाही.

अर्ज दिल्यावर तो मागे घ्यायला तीन दिवस मिळतात; नंतर कॉलेजच्या संघात परत येता येत नाही. तिन्ही दिवस कोच आमच्या दारात येऊन बसले. मी बाहेर आलो नाही.

घाई कसली होती? लपवून उपयोग नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. संघातल्या पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधणारी कॉरिन मे महिन्यात नर्सिंग शिकायला ह्यूस्टनला निघाली होती. ती जायच्या आत मला कुणीतरी व्हायचं होतं. पट्टी बांधता बांधता तिने विचारलं, "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

मी म्हणालो, "कोचच्या."

"कोच म्हणाले जा?"

"म्हणाले कसले, ढकलतायत! भिंतीवर पाटी हवीय त्यांना."

"ते म्हणत असतील तर ठीकच असेल," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यापायी मी खोटं बोललो. तिच्या वडिलांचं केस कापायचं दुकान आहे. दोन दिवसांत साऱ्या टॅलोवेलला कळलं, की टॅगर्ट पोरांना कच्चंच पाठवतो.

एप्रिलचे तीन दिवस फोन समोर ठेवून बसलो. अडीचशेच्या वर नावं पुकारली, त्यात माझं नव्हतं. उन्हाळ्यात एका संघाने सरावाला बोलावलं आणि अकराव्या दिवशी घरी पाठवलं. परत आल्यावर कोचना विचारलं, "माझं बोलणं तुम्ही खोडून का काढलं नाहीत?"

"खोडायचं तर पत्र दाखवावं लागलं असतं. ते पत्र बघून तुला सरावाला तरी कोणी बोलावलं असतं?"

"मग आता सांगा ना."

"आता तू सांग."

मी सांगितलं नाही. ह्यूस्टनहून अजून पत्रं येत होती.

मी खोटं बोललो त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पुढच्या फळीसाठी येणारी दोन मुलं आयांनी दुसरीकडे नेली. "आमचं पोर त्या माणसाच्या हाती नको," म्हणाल्या. या एप्रिलमध्ये त्या दोघांची नावं पुकारली गेली. पाट्या दुसऱ्या कॉलेजात लागल्या.

श्रीमती रेनफ्रो, मंगळवारी तुम्ही गाडी घेऊन दुकानात आलात. "कोच टॅगर्टना शाळेत घ्यायचा विचार आहे, पण ते पोरांना घाई करतात म्हणे. तुलाही त्यांनीच पाठवलं ना?" असं विचारलंत. मी म्हणालो, "पंक्चर आहे, पंधरा मिनिटं लागतील." तुम्ही सोमवारी ठरवणार आहात, म्हणून उत्तर आज देतो. नाही. त्यांनी मला पाठवलं नाही. त्यांनी तीन दिवस अडवलं.

कोच, बस खाली म्हणून हात हलवू नका. सव्वातीन वर्षं बसूनच होतो.

आणि कॉरिन, तिसऱ्या टेबलावर तू आहेस. मी मुद्दामच तिकडे बघत नाहीये. ते डोकं माझं होतं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी माझ्यासारख्याला इथे उभं केलं, त्याबद्दल आभार. आज बोलण्यात जे जास्त झालं असेल, ते सभागृहाने पोटात घालावं. इतकी वर्षं जे बोललो नाही, त्याची माफी द्यायची की नाही, ते कोचनी ठरवावं. आज नाही दिली तरी मी त्यांच्या दारात येऊन बसेन.